तारीख नसलेला कागद

चाळीस हा आकडा माझा होता, भावाचा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी त्याच्याकडे बोट दाखवायला नको.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. मळी आंबवायची, तिचं स्पिरिट काढायचं, स्पिरिटमधलं उरलंसुरलं पाणी काढलं की झालं इथेनॉल. ते टँकरनं तेल कंपनीच्या डेपोत जातं, तिथं पेट्रोलमध्ये मिसळतात आणि मग ते पंपावर येतं. टँकर सुटण्याआधी त्याचा नमुना माझ्या टेबलावर असतो. घनता, पाणी, आम्लता बघायची, सगळं जागेवर असलं की तारीख, वेळ आणि तापमान लिहून सही करायची. इतकी वर्षं हेच केलं. तारीख नसलेला कागद माझ्या प्रयोगशाळेत टिकत नाही, मी तो समोरच्यासमोर फाडते. नव्या मुली सुरुवातीला रागावतात. मी त्यांना सांगते, आकडा दुधासारखा असतो, कधीचा आहे ते कळल्याशिवाय वापरायचा नाही.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी धाकटा. तो चौथीत असताना आई गेली आणि त्याचा डबा, त्याचा अभ्यास, त्याच्या शर्टाच्या तुटलेल्या गुंड्या माझ्याकडे आल्या. अभ्यास काही त्याला लागला नाही. बारावीला रसायनशास्त्रात दोनदा नापास झाला. दुसऱ्यांदा निकाल घेऊन आला तेव्हा म्हणाला, "अक्का, माज्या वाटनीचं बी तूच पास हो. तुला काय जड हाय?" मी त्याला धपाटा घातला आणि मग दोघंही हसलो. तो गॅरेजात कामाला लागला आणि काही वर्षांनी बारामतीत भिगवण रस्त्याला त्यानं स्वतःचं गॅरेज टाकलं.

त्याला कान होता. हा कान आबांचा. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मी कॉलेजात जाईपर्यंत मेंढरं राखली. नंतर लासुर्ण्याला थोडी जमीन केली, ऊस लावला. पण मेंढरं होती तेव्हा आबांनी ती कधी मोजली नाहीत. मोजलेली मेंढरं कमी होतात, असं ते म्हणायचे. संध्याकाळी कळप जाळीच्या कुंपणात शिरताना ते तोंडाशी काठी टेकून उभे राहायचे आणि शेवटचं मेंढरू आत गेलं की म्हणायचे, "तुटक्या कानाची मागं राह्यली." मागं जाऊन बघितलं तर ती खरंच ओढ्यात अडकलेली असायची. भावाचं गाड्यांशी तसंच होतं. गाडी गॅरेजच्या वळणावर असतानाच तो हातातला पाना खाली ठेवून सांगायचा, "तिसरा सिलेंडर कामावर न्हाय." मला हे नेहमी थोडं खोटं वाटायचं. माझा भरवसा मोजण्यावर. आबा म्हणायचे, घरात एक मोजणारी आणि एक ओळखणारा पाहिजेच.

त्याची स्वतःची गाडी म्हणजे जुनी घेतलेली काळी सेडान. सहा वर्षं तो तिच्यावर काम करत होता. इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, इंजिन उघडून आतले भाग बदलले, संगणकाला जोडून तिचं इंधन आणि ठिणगीची वेळ स्वतः जुळवली. पाव मैलाच्या शर्यतीत ती पळवायची, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. पण साध्या पेट्रोलवर टर्बोचा दाब थोडा वाढवला की इंजिन आतून ठोकायला लागायचं. दाब कमी केला की गाडी इतर गाड्यांसारखीच.

त्याच सुमाराला पुण्याच्या बाजूला एका पंपावर इथेनॉल निराळं मिळायला लागलं. तो दोन डबे भरून आला तो थेट माझ्या स्वयंपाकघरात.

"घरात दारूचा कारखाना," तो म्हणाला, "आन मी शंभर किलोमीटर जाऊन रांगेत उभा. एक बाटली तर आन की कवातरी."

"आणते. मग तुरुंगात डबा घेऊन येशील?"

"तितं बी मीच यायचं व्हय?"

आमच्याकडे प्रत्येक थेंबावर उत्पादन शुल्क खात्याचं सील असतं. वीस-बावीस वर्षांत मी एक थेंब बाहेर काढलेला नाही. पण पंपावरून आणलेलं तपासायला कुणाची बंदी नव्हती. पंपावर त्याचं नाव शंभर होतं. आत इथेनॉल त्र्याण्णव, बाकी थोडं पेट्रोल आणि दुसरं काही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं मी म्हणाले आणि त्याला सांगितलं, हिशेब त्र्याण्णवनं करायचा.

किती मिसळायचं, यावर आमचं आठवडाभर भांडण चाललं. पोळ्या लाटताना, फोनवर, आबांना दवाखान्यात नेताना.

"पंच्याऐंशीच टाकू," तो म्हणायचा. "परदेशात समदी पंच्याऐंशीच टाकत्यात. मी व्हिडिओ बघितलेत."

"व्हिडिओवाल्याच्या गाडीचे इंजेक्टर तुझ्या गाडीला आहेत?"

"न्हाय."

"इंधनाचा पंप?"

"त्यो बी न्हाय."

"मग त्याचा आकडा तुला कशाला?"

इथेनॉल थंड जळतं. दाब वाढवला तरी इंजिन ठोकत नाही, म्हणून ते शर्यतीच्या गाडीला हवं. पण त्याच्यात पेट्रोलइतका कस नसतो. तेच काम करायला ते जास्त लागतं. म्हणजे इंजेक्टरनं इंजिनात जास्त इंधन टाकायला हवं, आणि इंजेक्टर काही रबराचे नसतात. मी वहीत रेघा मारून त्याला दाखवलं. तीस टक्क्यांना फरक पडतो. चाळीसला बहुतेक सगळा फायदा पदरात पडतो. त्याच्यापुढं इंजेक्टर, पंप, नळ्या सगळंच बदलावं लागेल, आणि फायदा चिमूटभर. शिवाय साठवर जुळवलेली गाडी, आणि एखाद्या दिवशी इथेनॉल मिळालं नाही तर? ढकलत आणणार?

"चाळीस," मी म्हणाले.

त्यानं वही स्वतःकडे ओढून आकड्यांवरून बोट फिरवलं. "अक्का, चाळीसला बी इंजेक्टर पार टोकाला जात्यात. वर जागा न्हाय."

"जागा लागतेच कशाला? चाळीस म्हणजे चाळीसच भरायचं. एक्केचाळीस नाही."

"तू म्हनतीस तर चाळीस."

आता मिसळायचं प्रमाण. इथं एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्येही आधीच इथेनॉल असतं. त्यामुळे ते किती आहे हे कळल्याशिवाय वरून किती घालायचं ते ठरत नाही. ते बघायची साधी रीत आहे. खुणांच्या उभ्या काचेच्या नळीत ठरावीक पाणी घ्यायचं, त्यावर पेट्रोल ओतायचं, बूच लावून खडखडून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात येतं. खालचं पाणी जितकं वाढलं तितकं इथेनॉल. मी त्याला तशी नळी विकत आणून दिली आणि गॅरेजातल्या बाकावर आमच्या नेहमीच्या पंपाचं पेट्रोल त्याच्यासमोर तपासलं. दहा टक्के निघालं. बाजूला गाडी दुरुस्तीला आणलेले एक म्हातारे गिऱ्हाईक बसले होते. ते म्हणाले, "काय रं, अक्का दारू गाळती आन तू गाडीला पाजतोस व्हय?"

भाऊ म्हणाला, "गाडी पिऊन पळती, तात्या. तुमी पिऊन पडता."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग मी वहीचा कागद फाडला आणि मोठ्या अक्षरात कोष्टक लिहून दिलं. दहा लिटर हवं असेल तर इथेनॉल तीन पूर्णांक सहा, बाकी पेट्रोल. वीस लिटरला सात पूर्णांक दोन. असं चाळीस लिटरपर्यंत. त्यानं चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून तो कागद बाकाच्या वर भिंतीवर चिकटवला, देवाच्या फोटोच्या शेजारी. त्या कागदावर मी तारीख घातली नाही. पंपाचं पेट्रोल दहा टक्के धरलंय हेही लिहिलं नाही. घरचा कागद होता. घरच्या कागदावर कोण तारीख घालतं?

गाडी पळायला लागली. खरंच पळायला लागली. कालव्याच्या कडेनं त्यानं मला एकदा बसवून नेलं आणि मी दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून, "बास, बास, मला उद्या ड्युटी आहे," असं ओरडत होते. तो हसत होता. एवढा खूश मी त्याला लग्नाच्या वयातही पाहिला नव्हता. लग्न त्यानं केलं नाही. गाडीशीच केलंय, असं आबा म्हणायचे.

वर्ष गेलं. आमच्या कारखान्यातून डेपोला जाणारे टँकर वाढले. पेट्रोलमध्ये आता दहाऐवजी वीस टक्के मिसळायचं ठरलं होतं, म्हणून मागणी दुप्पट झाली होती. डिस्टिलरीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले. वाढलेल्या प्रत्येक टँकरच्या कागदावर माझी सही आहे, तारखेसकट. आमच्या नेहमीच्या पंपावर वीसचं स्टिकर लागलं. माझी स्कूटर मी दर आठवड्याला त्या स्टिकरसमोर उभी करून पेट्रोल भरत होते. भावाच्या भिंतीवरचा कागद मला एकदाही आठवला नाही. इथून गेलेलं इथंच परत येतंय, हे साऱ्या बारामतीत सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला कळणार?

त्याच हिवाळ्यात भावाकडे पुण्याचे एक गृहस्थ आले. ते शर्यतीच्या गाड्यांचा संघ चालवायचे. कुठंतरी त्यांनी काळी गाडी पळताना बघितली होती. त्यांनी बॉनेट उघडून अर्धा तास आतलं काम बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात आमच्याबरोबर धावपट्टीवर ये. तीन धावा स्वच्छ काढून दाखव. पुढच्या हंगामाची आमची दोन्ही इंजिनं तू बांध."

तो हे सांगायला लासुर्ण्याला आला तेव्हा आबांचे पाय चेपत बसला. मग म्हणाला, "आबा, आता पंक्चर काढायची न्हाईत. नुसती इंजिनं."

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. गळीत जोरात चाललं होतं, दोन टँकर काट्यावर उभे होते आणि माझ्यासमोर उत्पादन शुल्कचे साहेब बसले होते. तो फोन मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"अक्का, दोन मिन्टं हायेत का?"

"एक आहे. बोल."

"गाडी येगळी बोलतीय. वरच्या टोकाला गेली की आवाज कोरडा येतोय. हवा-इंधनाचा मीटर बी तसाच दाखवतोय. आन पंपावरचं प्याट्रोल..."

"कागदाप्रमाणं भरलंस ना?"

"व्हय, पर..."

"मीटर नवा आहे, त्याचा भरवसा नाही. आणि उद्या शर्यत म्हणून तुझे कान वाजतायत. कानाचं ऐकू नको. कागद बघ."

तो म्हणाला, "बरं."

मी फोन ठेवला आणि साहेबांची माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गेले. धावपट्टी मोकळ्या माळावर होती, वारा भणाणत होता. पहिली धाव चांगली झाली. दुसरी त्याहून चांगली. पुण्याचे गृहस्थ घड्याळाकडे बघून मान हलवत होते. भाऊ गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. मी पाण्याची बाटली पुढं केली. तो म्हणाला, "अक्का, आता नगं पळवायला. दोन बास झाल्या."

"तीन म्हणालेत ते," मी म्हणाले. "एकीसाठी कशाला हात आखडतोस?"

तो पाणी प्यायला आणि बाटली मला परत देऊन गाडीत बसला.

तिसऱ्या धावेला अर्ध्याहून जास्त अंतर गेल्यावर मलासुद्धा ऐकू आलं. टिनावर दगड पडावेत तसा आवाज. मग मागून पांढरा धूर आणि गाडी उताराला सोडलेल्या बैलगाडीसारखी नुसती घरंगळत गेली. आम्ही चालत तिथवर पोचलो तेव्हा तो बॉनेटवर हात ठेवून उभा होता. जनावर गेल्यावर त्याच्या पाठीवर ठेवतात तसा. पिस्टनला भोक पडलं होतं. इंजिनाला लागेल तेवढं इंधन मिळालं नव्हतं आणि आतली धग पिस्टनला जाळून गेली होती.

पुण्याच्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, "इंधन कुणी मिसळलं होतं?"

"मी," भाऊ म्हणाला.

"मोजून?"

"मोजन्यात चुकलो, साहेब."

आणि मी, त्याची मोठी बहीण, तीन फुटांवर उभी राहून त्या परक्या माणसादेखत म्हणाले, "अरे, मी कागद लिहून दिला होता ना तुला?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "व्हय अक्का. दिलता."

गृहस्थ भले होते. "होतं असं," म्हणाले, त्याच्या खांद्यावर थाप दिली आणि गेले. त्यांचा पुन्हा फोन आला नाही. का येईल? मोजण्यात चुकणाऱ्या माणसाला कुणी इंजिनं देत नाही.

टाकीत थोडं इंधन उरलं होतं. ते मी बाटलीत घालून घरी आणलं. भावाचं नेमकं कुठं चुकलं ते त्याला दाखवावं, म्हणजे पुढच्या वेळी चुकणार नाही, असं माझ्या मनात होतं. नळी गॅरेजात होती, म्हणून दुकानातून दुसरी आणली. ओट्यावर पाणी घेतलं, इंधन ओतलं, हलवलं, ठेवलं. तेवढ्यात भात लावला. कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा खूण वाचली. चाळीस नव्हतं. सेहेचाळीस होतं.

सेहेचाळीस कसं येईल ते उलटं मोजायला मला एक मिनिटही लागलं नाही. त्यानं सगळं कागदाप्रमाणंच घातलं असेल आणि पंपाचं पेट्रोल दहाऐवजी वीस टक्क्यांचं असेल, तर बरोबर सेहेचाळीस येतं. इंजेक्टर आधीच टोकाला होते. वर जागा नव्हती. त्यानं मला सांगितलं होतं.

मी गॅस बंद केला. स्कूटरच्या टाकीतलं पेट्रोल काढून तेही तपासलं. वीस. मला माहीत होतं वीसच येणार, तरी तपासलं.

सकाळी ड्युटीला जायच्या आधी गॅरेजवर गेले. वाक्य तयार होतं, 'चूक माझी आहे.' तीन शब्द. तो आडव्या लाकडावर बसून इंजिनाचे नट-बोल्ट डब्यांत वेगळे करत होता. मी वर बघितलं. भिंतीवर कागद नव्हता. चार कोपऱ्यांच्या जागी चिकटपट्टीचे चार तुकडे होते आणि मधे स्वच्छ चौकोन.

"कागद कुठं गेला?"

"जुना झालता," तो मान वर न करता म्हणाला. "काडला."

त्याला कळलं होतं. आणि मला कळू नये म्हणून त्यानं तो काढला होता. हे मी त्या चौकोनाकडे बघताना ओळखलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा घेतलास का?" तो म्हणाला, "घेतला." मी डिस्टिलरीत गेले आणि त्या दिवशी सहा टँकर सोडले.

त्यानंतर त्यानं गाड्या ऐकणं सोडलं. मी हे उगाच म्हणत नाही. गाडी वळणावर आली की तो मान वर करायचा नाही. गिऱ्हाईकाला विचारायचा, "काय तक्रार हाय?" तेच म्हातारे तात्या एकदा मला म्हणाले, "तुजा भाऊ बाकीच्या डाक्टरावानी झाला. पयलं रिपोर्ट मागतोय." उन्हाळ्यात त्यानं काळी गाडी सुटे भाग करून विकली. पावसाळ्यात गुजरातेत एका कंपनीच्या गोदामात नोकरी धरली. सुट्या भागांचे खोके मोजायचे आणि ट्रकमध्ये चढवायचे.

आबांना सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं. "मोजायचं काम? त्यानं?" मग गोठ्याकडे गेले आणि जेवायलाच आले नाहीत.

दिवाळीला तो दोन दिवस आला. मी ओवाळलं. आम्ही आबांच्या गुडघ्याबद्दल बोललो, उसाच्या तोडीबद्दल बोललो. एकदा मी म्हणाले, "ती शर्यत..." आणि तो लगेच उठून आबांना पाणी द्यायला गेला. मीही सुटल्यासारखी भांडी घासायला लागले. माझ्यासारखी बाई, जी कारखान्यात कुणालाही तोंडावर सांगते, ती घरात वर्षभर एक वाक्य बोलू शकली नाही.

गेल्या महिन्यात गॅरेजची जागा सोडायची होती. नवा भाडेकरू मोबाइलचं दुकान टाकणार होता. भावानं फोनवर सांगितलं, जमलं तर तूच आवर. मी रविवारी गेले. पाने, जॅक, तेलाचे डबे एका ओळखीच्या गॅरेजवाल्याला दिले. बाकाच्या खणात काचेच्या नळीचा खोका होता. नळी बाहेर काढली तर तिच्या मागे घडी घातलेला कागद निघाला. माझा कोष्टकाचा कागद. चिकटपट्टीमुळे कोपरे फाटलेले.

उलटी बाजू बघितली. तिथं पेन्सिलीनं, त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात दुसरं कोष्टक होतं. वर लिहिलं होतं, पंप वीस. खाली दहा लिटरला दोन पूर्णांक सात. वीस लिटरला साडेपाच. मी उभ्या उभ्या मनात हिशेब केला. बरोबर होता. बारावीत दोनदा नापास झालेल्या माणसाचा हिशेब दशांशापर्यंत बरोबर होता.

तारीख त्याच्यावरही नव्हती.

मी बाकावर बसून त्याला फोन लावला.

"हा मागचा हिशेब तू कधी केलास?"

मागं ट्रकचा आवाज येत होता.

"मी विचारतेय. शर्यतीनंतर केलास की आधी?"

"जाऊ दे की, अक्का."

"कधी?"

"आदल्या दिशी. गाडी येगळी बोलाय लागली म्हनून पंपाचं तपासलं. ईस आलं. मग बसून मांडलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"फोन केलता की."

एक मिनिट आहे, बोल. मीच म्हणाले होते.

"मग साडेपाचनं का नाही भरलंस? तुझं बरोबर होतं!"

"मला काय म्हाईत माजं बरोबर हाय ते?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "तुजं कवा चुकलंय? मला वाटलं, मीच नळी वाचन्यात चुकलो. दोनदा नापास झालेला मानूस मी. तू म्हनालीस कागद बघ, मी कागद बघितला."

"चूक माझी होती," मी म्हणाले. वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य. त्याला काही वजनच राहिलं नव्हतं.

"म्हाईताय."

"मी त्या माणसादेखत तुला..."

"म्हाईताय, अक्का. जेवलीस का?"

"नाही अजून. ऐक, मी जागा सोडत नाही. भाडेकरूला नाही म्हणून सांगते. तू परत ये. अजून तुझा कान..."

"नगं," तो म्हणाला. "हितं बरं हाय. खोक्यावर आकडा छापलेला असतोय. तुला काय ऐकू येतंय, असं हितं कुनी इचारत न्हाय."

मग त्यानं आबांच्या गोळ्या संपल्या का ते विचारलं. इथेनॉलचा उरलेला डबा कुणाला देऊ नको, एवढे दिवस ठेवल्यामुळं त्यानं पाणी धरलं असेल, तेही सांगितलं आणि त्याची जेवणाची सुट्टी संपली म्हणून फोन ठेवला.

मी नळी धुतली, खोक्यात घातली. भिंतीवरचे चिकटपट्टीचे चार तुकडे नखानं काढले, कारण भिंत साफ करून द्यायचं ठरलं होतं. शटर ओढताना वळणावरून एक गाडी आली. मी थांबून कान दिला. मला नुसता गाडीचा आवाज आला. भाडेकरू किल्ली घ्यायला उभाच होता.